जमल्यास

रतन गायकवाडांनी उशीखालून यंत्र काढलं आणि दोन्ही अंगठे त्याच्यावर टेकवले. छातीला चार-पाच वायरी आधीच चिकटवलेल्या, डोक्याशी हॉस्पिटलचं मोठं मशीन टुकटुक करत होतं. तरी त्यांना हेच हवं होतं.

"पप्पा, आता ते कशाला? इथलं मशीन आहे ना," अक्षता म्हणाली.

"ते माझ्याशी बोलत नाही."

तिने यंत्र त्यांच्या हातातून काढून चादरीवर ठेवलं. साबणाच्या वडीएवढं. हृदयाचं काही बिनसलं असेल तर घरच्या घरी सांगणारं. 'सुखरूप' हे नाव तिनेच दिलेलं, कडांची गोलाई तिची, पडद्यावरचे रंग आणि वाक्यंही तिचीच. आत काय मोजायचं आणि कसं, ते इंजिनिअरांचं काम. बाजारात यायच्या आधी वापरून बघायला म्हणून एक नग तिने वारज्याला पप्पांकडे आणून ठेवला होता. आई गेल्यापासून ते एकटेच राहत. रोज सकाळी कुणीतरी त्यांची विचारपूस करतंय, या कल्पनेने तिला कर्वेनगरात बसून शांत झोप लागायची.

मघाशी डॉक्टरांनी तिला बाहेर बोलावून घेतलं होतं. दोन आठवडे आधी आणलं असतं तर बरंच काही करता आलं असतं, म्हणाले. आता हृदयाचा बराचसा भाग कामातून गेलाय. औषधं देऊ, चार दिवसांनी घरी न्या, आणि त्यांना काय हवं-नको ते बघा.

तेव्हापासून तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती, आणि तिची तिलाच लाज वाटत होती. यंत्र चुकलं असावं. आतलं काहीतरी बिघडून त्याने रोज सगळं ठीक असल्याचं दाखवलं असावं. म्हणजे दोष इंजिनिअरांच्या माथी गेला असता आणि ती सुटली असती. बापाच्या उशाशी बसून मुलीने असला विचार करू नये. पण माणूस करतो.

"पप्पा, खरं सांगा. याने तुम्हाला काहीच सांगितलं नाही?"

"सांगितलं की. रोज सांगायचं."

"काय?"

पप्पांनी डोळे मिटले. जिल्हा परिषदेत अख्खी नोकरी कागद वाचण्यात गेलेली. वाक्य तोंडपाठ होतं. "'रतनराव, तब्येतीत थोडा बदल दिसतो आहे. जमल्यास डॉक्टरांना भेटून घ्या.'"

शब्दन् शब्द बरोबर होता. यंत्र चुकलं नव्हतं.

"मग गेला का नाहीत?"

"'जमल्यास' म्हणत होतं ना." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. "ऑफिसात एखाद्या पत्रात 'जमल्यास' दिसलं की आम्ही ते गठ्ठ्याच्या तळाला घालायचो. 'तात्काळ' असलं की हातातला घास ठेवून उठायचो. म्हटलं, तुझी गडबड आहे, तुझं यंत्र एकदा बाजारात येऊ दे. मग जाऊ दोघं."

"दुखत नव्हतं का छातीत?"

"जड वाटायचं. पण ते इतकं सावकाश सांगायचं, मला वाटलं, घाई नसणार."

यंत्रावरचं मूळ वाक्य वेगळं होतं. लाल पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत, 'आजच डॉक्टरांकडे जा'. कंपनीचे मालक आमोद देवधर म्हणाले, माणूस घाबरला की यंत्र कपाटात जातं. त्यांनी एवढंच म्हटलं होतं. लाल काढून पिकल्या पेरूच्या गराचा गुलाबी आणला तो अक्षताने. वाक्य बदललं तेही तिनेच. "आपल्या माणसांना कुणी हुकूम सोडलेला आवडत नाही," असं तिने मिटिंगमध्ये ठासून सांगितलं होतं. 'जमल्यास' हा शब्द सगळ्यांना फार आवडला. टाळ्याही पडल्या. पुढे चाचणीत एकही माणूस घाबरला नाही, याचं तिला कोण कौतुक वाटलं होतं.

"पप्पा, ते वाक्य मी लिहिलंय."

"माहितीय. कळतं ते." त्यांनी तिचा हात चाचपून धरला. "ऑफिसात मला जन्मभर 'ए गायकवाड' म्हणाले. साहेब म्हणाला, शिपाई पण म्हणाला. रतनराव कुणी म्हटलं नाही. सकाळी चहाआधी ते वाचायला बरं वाटायचं. काही दिवस तर दोनदा अंगठे लावायचो."

अक्षताला रडू आवरेना. तिने तोंड खिडकीकडे वळवलं.

"चांगलं झालंय ते," पप्पा म्हणाले. "बदलू नकोस."

आणि तिची पाठ वळलेली बघून त्यांनी कोपरावर भार दिला, अर्धे उठून बसले आणि चादरीवरचं यंत्र ओढून पुन्हा अंगठे टेकवले. पडदा गुलाबी झाला. त्यांचा श्वास फुलला होता, तरी चेहऱ्यावर हसू होतं.

"बघ. बघ, कसं अदबीने सांगतंय."

तेवढ्यात दाराचा पडदा सरकला. हातात औषधांचा ट्रे घेतलेली सिस्टर दारातूनच खेकसली.

"गायकवाड, उठायचं नाही. झोपा."

पप्पा लगेच आडवे झाले.