चार वाजताची गर्दी

चार वाजले आणि आलेख पुन्हा वर चढू लागला.

ईशानीने हातातला चहा खाली ठेवला. लॅपटॉपवरची ती हिरवी रेघ दिवसभर झोपलेली असे. दुपारी चारला ती जागी होई, खिडकीतून दिसणाऱ्या देवासच्या टेकडीएवढी उंच होई आणि वीसेक मिनिटांत पुन्हा आडवी पडे. आज तिसरा दिवस होता. आजही रेघ शेंड्याला पोचली आणि साइट कोलमडली.

साइट तिची स्वतःची. माळव्यातल्या मराठी घरांसाठी तिने ती वर्षभर खपून उभी केली होती. सणवार, कुळाचार, आरत्या, आणि सगळं वाचून दाखवायची सोय, कारण इथली नवी पोरं मराठी बोलतात, पण वाचायचं म्हटलं की त्यांना घाम फुटतो. पहिल्या पानावर आजचं पंचांग आणि धारच्या उमाआत्याच्या देवघरातली देवी. आत्या रोज पूजा आटोपली की फोटो पाठवी. दिवसाला चाळीस माणसं आली तरी ईशानी खूश असायची. आता चारच्या ठोक्याला शंभरावर माणसं एकदम दारात उभी राहत होती, आणि सगळी धारकडची.

"पीथमपुरच्या कारखान्यांची शिफ्ट आहे ही," ती मयुरेशला म्हणाली. "सुटली की धारच्या बसमध्ये बसतात आणि फोन काढतात."

मयुरेश तिचा शाळेपासूनचा मित्र. दोन गल्ल्या सोडून राहायचा, घरूनच प्रोग्रामिंगची नोकरी करायचा आणि चहाला इकडे यायचा.

"मग आता?"

"पीएचपी ही भाषाच सोडायची. सगळं 'गो' भाषेत नव्याने लिहिते. हजारो माणसं एकदम आली तरी त्याला काही होत नाही."

"पीएचपी ने क्या बिगाड़ा? तू येणाऱ्या प्रत्येकासाठी पंचांग नव्याने मांडतेस. सकाळी एकदा मांडून ठेव, तेच सगळ्यांना दाखव. झालं." त्याने बिस्कीट बुडवलं. "और सुन, भाषा बाद में चुनना. आधी बघ, येतंय कोण. पहिल्या पानापुढे कुणी जातच नाही. देवी बघतात, परत उघडून तीच बघतात."

"दमलेला माणूस आणखी काय बघणार?"

मयुरेशने बिस्कीट संपवून लॅपटॉप पुढे ओढला. त्याने तिथल्या तिथे ठिगळ लावून दिलं आणि दुसऱ्या दिवसापासून साइट तगली. पण ठिगळावर का कुणी स्वप्नाचा मजला चढवतं? ईशानीने नवं लिहायला घेतलंच.

दुपारी लिहिता लिहिता तिचे डोळे जड होत. मग ती बस दिसे. खिडक्यांतून तिरपं ऊन, कामाचे कपडे, हिंदकळणाऱ्या माना आणि प्रत्येक तळहातावर हिरव्या साडीतली चिमुकली देवी. त्या बसमागे दुसरी बस, इंदूरची, मग उज्जैनची, ग्वाल्हेरची, बडोद्याची. सगळ्या तिच्याच अंगणात येऊन थांबत. जाग आली तरी तिला बराच वेळ हलावंसं वाटत नसे.

एका संध्याकाळी आत्याचा फोन आला. चार वाजता तिला फोन करण्यात अर्थ नसे, तेव्हा ती तिच्या महिला मंडळात असायची.

"परवा देवी उघडतच नव्हती गं. नुसतं गोल गोल फिरत होतं. आता बरं आहे."

"एकदम फार लोक येतात, आत्या."

"येऊ देत की. बंगळूरचं काही कळलं?"

बंगळूरच्या एका मोठ्या कंपनीत ईशानीची मुलाखत झाली होती. दिवाळीत तिनेच आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून सांगितलं होतं, ही नोकरी लागली तर मला दुसरं काही नको. ते आठवून तिला आता लाज वाटली.

"नाही अजून."

"होईल बाळा. आम्ही आहोत ना."

नवव्या दिवशी पत्र आलं. तिची निवड झाली होती, दोन दिवसांत कळवायचं होतं. ईशानीने पत्र वाचलं आणि घड्याळ बघितलं. चारला पाच कमी होते. ती रेघेकडे बघत बसली. रेघ उठली, चढली, टेकडीएवढी झाली. एवढी माणसं आपली वाट बघत असताना कुठे जायचं? तिला रडू आलं, सुखाचं. रेघ खाली यायच्या आत तिने नकार पाठवूनही टाकला. मयुरेशला सांगितलं ते नंतर. तो एवढंच म्हणाला, "एक बार पूछ तो लेती किसी से."

बाराव्या दिवशी सकाळी नवी साइट इंटरनेटवर चढली. डोळ्याची पापणी लवायच्या आत देवी समोर यायची. ईशानीने आंघोळ करून नवा कुर्ता घातला, टेकडीवरच्या देवळाकडे बघून हात जोडले आणि चारला लॅपटॉपसमोर बसली.

चार वाजले. रेघ हलली नाही.

सव्वाचार झाले. दोन माणसं आली, त्यातला एक मयुरेश. ईशानीने साइट उघडून पाहिली, पुन्हा उघडून पाहिली. काहीही बिघडलेलं नव्हतं. शेवटी तिने आत्याला फोन लावला. आत्याने पहिल्याच घंटीला उचलला.

"आत्या, तुमच्याकडे देवी उघडतेय का?"

"आज नाही बघितली गं, काल उद्यापन झालं ना." आत्याचा आवाज अगदी निवांत होता. "पूर्ण होईस्तोवर बोलायचं नसतं म्हणून तुला सांगितलं नाही. एकशे आठ जणी होतो, रोज चार वाजता मंडळात बसून प्रत्येकीने फोनवर एकशे आठ वेळा दर्शन, अकरा दिवस. सव्वा लाख दर्शनांचा नवस होता बाळा, तुला ती बंगळूरची नोकरी लागावी म्हणून. आलं ना पत्र?"