मल्लेशचा आठवा अल्बम

"परभणी जिल्ह्याच्या संगीताचा इतिहास उद्या कुणी लिहायला बसलं, तर त्याला आजच्या तारखेपासूनच सुरुवात करावी लागेल!" असं निवृत्त हेडमास्तर किशनराव माइकवरून गरजले आणि मग चिठ्ठीत बघून त्यांनी थोर पॉपगायक म्हणून वीरभद्र यांचं नाव जाहीर केलं. वीरभद्र हे गायकाच्या वडिलांचं नाव. ते त्या वेळी बोरीच्या बाजारात, आपल्या भुसार दुकानात तुरीचं पोतं तोलत होते. खरा गायक मल्लेश व्यासपीठावरच होता, काळा चष्मा लावून. त्यानं नम्रपणे हात जोडले. हा त्याचा आठवा अल्बम होता. एवढ्यातेवढ्यानं तो आता हलत नसे.

मल्लेशचे अल्बम पेनड्राइव्हवर निघत. ऑटोला लावा, ट्रॅक्टरला लावा, कुठंही वाजतात. प्रकाशनाला येईल त्याला एक पेनड्राइव्ह फुकट मिळे आणि वर चिवडा. त्यामुळे त्याच्या प्रकाशनाला गर्दी कधी कमी पडली नाही.

पण या वेळी वीरभद्रांनी शर्त घातली होती. "सात झाले. आठव्यातलं एक तरी गाणं ऐकलेला एक माणूस मला दाखव. दाखवलास तर खुशाल नववा काढ. न्हाई तर सोमवारपासून गुमान दुकानात बस."

मल्लेश मनातल्या मनात हसला होता. एकच माणूस? साठ पेनड्राइव्ह वाटायचे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं स्वतःसाठी ठेवलेला पेनड्राइव्ह स्पीकरला लावला. आवाज नाही. कॉम्प्युटरला लावून पाहिला, तेव्हा उलगडा झाला. गाणी आत गेलीच नव्हती. भरताना फोल्डरऐवजी नुसता त्याचा शॉर्टकट भरला गेला होता. साठच्या साठ पेनड्राइव्ह रिकामे.

तो पळतच दुकानात गेला.

"अप्पा, घोटाळा झाला. पेनड्राइव्हमध्ये एक बी गाणं न्हाई. शर्त कॅन्सल करा."

वीरभद्रांनी तराजूवरची नजर काढली नाही. "कॅन्सल कशाला? आता तर खरी मजा हाय. बस इथं. अन तोंड उघडू नको."

पहिले किशनराव आले, गूळ न्यायला. "मल्लेश, काल अख्खा अल्बम ऐकला. दुसऱ्या गाण्याला डोळ्यांत पाणी आलं बघ."

"दुसऱ्याच?" वीरभद्रांनी विचारलं.

"दुसऱ्याच," किशनराव ठामपणे म्हणाले. "तिसऱ्याला मी सावरलो होतो."

मग ऑटोवाला सिताराम आला. "आवाज फिट हाय भाऊ. फक्त वाद्यं कमी ठेवत जा. लय गलका होतो."

पिठाच्या गिरणीचा मालक परमेश्वर तर म्हणाला, "सकाळपासून तुझंच चालू हाय. गिरणी चालू हाय का बंद, तेच कळंना!"

दुपारपर्यंत अकरा जणांनी तारीफ केली. वीरभद्रांनी एकालाही अडवलं नाही. उलट प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

सिताराम बोलत होता तेव्हाच मल्लेशनं चष्मा काढला होता. अकरावा माणूस गेल्यावर त्याला आयुष्यात पहिल्यांदा एक प्रश्न पडला. मग आधीच्या सातांचं काय? चौथ्या अल्बमच्या वेळी एकानं रडत मिठी मारली होती. तो नेमका कशाला रडला होता?

"अप्पा, सोमवार कशाला," तो हळूच म्हणाला, "आजच बसतो."

तो गादीवर बसला. आयुष्यातली पहिली अर्धा किलो मूगडाळ त्यानं तोलायला घेतली. तेवढ्यात दुकानाच्या पायरीवर बायनाबाई उभी राहिली. गावच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवणारी बायनाबाई. हाताला हळद तशीच. तिनं पेनड्राइव्ह गल्ल्यावर आपटला.

"मल्लेशा, हे काय दिलंस रे? मुकं हाय की! धा बारी घालून काढलं. फुंकून बघितलं, पदरानं पुसून बघितलं. शब्द न्हाई."

मल्लेश ताडकन उठला. मूगडाळ सांडली.

"मावशी, तुमी... लावून बघितलात?"

"बघितलात काय इचारतोस? रोज लावते. तुझा सातवा तोंडपाठ हाय मला. कालच आमटीत पडला, म्हणून तर ह्या आठव्याची वाट बघायलते."

गुळाच्या ढेपेवरचा वीरभद्रांचा हात तिथंच थांबला. मल्लेशनं बापाकडे पाहिलं. बापानं बायनाबाईकडे पाहिलं. ही बाई कुणाच्या तोंडावर गोड बोलल्याचं गावाला ठाऊक नव्हतं.

"सातवा का होईना, एक झाला," वीरभद्र शेवटी म्हणाले. "काढ नववा."

मल्लेश गल्ल्यापुढं आला. आठ अल्बम, बारा वर्षं, आणि हा एक माणूस. "मावशी, खरं सांगा. कोणतं गाणं लय आवडतं?"

"आवडतं?" बायनाबाई विचारात पडली. "शाळेतलं घड्याळ दिवाळीपासून बंद हाय बाबा. तुझं पयलं गाणं संपलं की पाण्याला आधण येतं. दुसरं लागलं की डाळ-तांदूळ टाकायचे. तिसऱ्याला तिखट-मीठ. चौथं सरलं की उतरवायचं. एक दिवस चुकलं न्हाई. आज तू मुका निघालास, अन दीडशे लेकरांनी कच्ची खिचडी खाल्ली."

मल्लेशनं गल्ल्यावरचा पेनड्राइव्ह उचलून खिशात टाकला.

"उद्या शाळा भरायच्या आत गाणी भरून आणून देतो," मल्लेश म्हणाला.

"आण." बायनाबाई पायरी उतरली आणि वळली. "अन ऐक. सातव्यातलं ते चौथं लय लांबलं होतं. ह्या बारीला तेवढं दोन मिनटं आखूड कर बाबा, खिचडी बुडाला लागती."