दाराने सांगायचं नसतं

“ही पोरगी या दारातून आत आली की नाही, एवढंच सांग,” कप्तानाने पुन्हा विचारलं.

सुभेदार समोरच्या खांबाकडे बघत ताठ उभा होता. सुभेदार म्हणजे हॉटेलचा दरवान. भरघोस मिशा आणि पितळी बटणांचा लांब कोट यांमुळे सगळे त्याला त्याच नावाने हाक मारत. फौजेशी त्याचा संबंध शून्य. ड्यूटी संपली की कोट काढून तो मुकाट निघून जाई. घरचा विषय त्याने कधी हॉटेलात आणला नव्हता.

“साहेब, कोण आलं, कोण गेलं, हे दाराने सांगायचं नसतं. या हॉटेलची रीत आहे.”

काउंटरमागून मॅनेजरबाईंनी दालनाकडे चोरून नजर टाकली. राजधानीतल्या या सगळ्यात जुन्या, सगळ्यात दिमाखदार हॉटेलात आज सरसेनापतींची मेजवानी होती. सकाळी मोठ्या दालनात लावलेल्या त्यांच्या तसबिरीला दुपारपर्यंत गाढवाचे कान फुटले होते. काळेकुट्ट, चांगले हातभर लांब. पाहून बाईंना आधी हसू फुटलं आणि मग घाम.

दालनाजवळच्या जिन्यात ही पोरगी सापडली. हात स्वच्छ, अंगात उंची कोट, तोंडाला कुलूप. कप्तानाची खात्री पटली होती, पण त्याचा नाइलाज होता. हॉटेलात परदेशी राजदूत उतरले होते, त्यामुळे पाहुण्यांना बोटही लावायचं नाही, असा सरसेनापतींचाच हुकूम होता. पाहुणे फक्त सुभेदाराच्या दारातून येत; ती पाहुणी नाही, एवढं कुणीतरी म्हणायला हवं होतं. मग पुढचं काम सोपं होतं. गाडी बाहेर उभीच होती. त्या गाडीतून नेलेलं माणूस परत आल्याचं शहरात कुणी ऐकलं नव्हतं.

रीत मात्र खरी होती. हॉटेल राजाच्या काळात उभं राहिलं. राजा पळाला तेव्हा त्याच्या दिवाणाला शोधत जमाव याच दारात आला, आणि तेव्हाच्या दरवानाने हेच उत्तर दिलं. पुढे जमावाचे पुढारी मंत्री झाले. मग त्यांना शोधत शिपाई आले. उत्तर तेच. छपरावरचे झेंडे बदलले, दालनातल्या तसबिरी बदलल्या. त्या बदलायचं काम मॅनेजरबाईंचं. खिळा तोच ठेवून त्यांनी कितीतरी साहेब चढवले आणि उतरवले होते, दर वेळी मूग गिळून. हॉटेलचा इतिहास मात्र त्या पाहुण्यांना अगदी रंगवून सांगत. त्या इतिहासासाठी कधी आपलीच मान पुढे करावी लागेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

“बाई, तुमचा दरवान बहिरा आहे की अतिशहाणा?”

“जुना माणूस आहे, साहेब,” बाई पुटपुटल्या. “हट्टी आहे जरा.”

कप्तान सुभेदाराच्या अगदी पुढ्यात गेला. “दया येतेय का रे तुला या पोरीची?”

“दया कसली, साहेब? ज्या कार्ट्याने हे केलं असेल, त्याच्या आईबापांनी वेळीच कान उपटायला हवे होते. पण ते आईबापांचं काम. दाराचं नाही.”

एक शिपाई फिसकन हसला. कप्तानाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याने सुभेदाराचा कोट धरून असा हिसकला की बटणं तुटून फरशीवर घरंगळत गेली. मग त्याने सुभेदाराच्या कानाखाली आवाज काढला.

पोरगी एकदम पुढे झेपावली. शिपायांनी तिचे दंड धरले.

“बघा, पळायला बघतेय!” कप्तान ओरडला.

सुभेदाराने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गाल लालबुंद झाला होता, नजर खांबावर होती.

“रीत आहे, साहेब,” तो म्हणाला.

मॅनेजरबाईंना स्वतःची शरम वाटली. हॉटेलच्या इभ्रतीसाठी हा माणूस मार खातोय आणि आपण काउंटर धरून उभ्या! इतक्या वर्षांचा गिळलेला राग एकदम उफाळून वर आला. त्यांनी मागच्या फळीवरची एक किल्ली काढली आणि खाडकन काउंटरवर ठेवली.

“सोडा तिला. ती आमची पाहुणी आहे.”

“आणि हे इतका वेळ का बोलला नाहीत?”

“मला विचारलंत कुठे? मला विचारलंत ते दरवान बहिरा आहे का, एवढंच.”

“खोली बघतो मी.”

“खुशाल बघा. राजदूतांच्या शेजारची आहे. त्यांची झोपमोड झाली तर नाव तुमचं सांगेन. आणि मेजवानीची वेळ होत आलीय, साहेब. सरसेनापती आल्यावर आधी काय विचारतील? पाहुणी की कान?”

कप्तानाने दातओठ खाल्ले. त्याने खुणावल्यावर शिपायांनी पोरीचे दंड सोडले.

“बाई, हे प्रकरण तुम्हाला महागात पडेल.”

“इथे स्वस्तात काय मिळतं, साहेब?”

कप्तान पाय आपटत दालनाकडे गेला, शिपाई त्याच्यामागून. इतकं मोकळं बाईंना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. पोरीचा हात धरून त्या तिला दारापाशी घेऊन आल्या.

“सुभेदार,” त्या म्हणाल्या, “हॉटेलची रीत राखलीत. यापुढे इथला इतिहास सांगताना पहिलं नाव तुमचं घेईन.”

सुभेदाराने मान लववली. राजदूतांसाठी उघडायचा तसं त्याने दार सताड उघडलं.

पोरगी उंबऱ्यावर थबकली. त्याच्या गालाकडे बघून तिचे डोळे भरून आले.

“फार लागलं का हो, बाबा?”

“आईला यातलं काही सांगू नकोस,” सुभेदार म्हणाला. “आणि मान वर करून घरी जा.”