पक्के दात

गोठ्यात पाय घसरून पुढचे दोन दात पडले, असं बावड्याच्या शालननं बारामतीच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं. बाईंनी तिला दोन पर्याय समजावले. हाडात स्क्रू बसवून त्यावर पक्के दात, नाहीतर रोज काढता-घालता येणारे.

"पक्केच बसवा. खर्चाकडं बघू नका," शेजारी बसलेला नवरा म्हणाला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो बाहेर गेला.

शालननं तोंडावरचा पदर जरासा बाजूला केला. "मॅडम, मला काढता येतील असेच द्या."

"अहो, पक्के जास्त टिकतात. मालकही तयार आहेत की."

शालननं दाराकडं पाहिलं आणि हळूच म्हणाली, "ह्यांचा आवाज चढला, की पटदिशी काढून ठेवता येतील."