बंगईची साखळी

भुपेंद्रनं चकाकती साखळी गळ्याशी धरून आरशात पाहिली, हारच जणू. "हेच द्या. कॅरव्हॅनले शोभते."

"हे बंगईची आहे, भाऊ," मेघा म्हणाली. "घरात झोके घ्याची."

"साखळी ते साखळी."

साकोलीच्या हायवेवर, मेघाच्या हार्डवेअरच्या दुकानासमोर, त्याची कॅरव्हॅन जीपला जोडून उभी होती. चाकांवरची पांढरीशुभ्र खोली. अंगावर वाघ रंगवलेला. वाघाचे डोळे मात्र मांजराचे. तळ्याकाठच्या त्याच्या रिसॉर्टचं आज उद्घाटन होतं. जीप आणि कॅरव्हॅन जोडणाऱ्या हुकापाशी दोन साखळ्या पाहिजेत, असं परवान्याच्या कागदावर लिहिलेलं. कागदाला साखळी पाहिजे होती आणि भुपेंद्रला फक्त कागद.

मेघानं खालच्या फळीवरून दुसरी साखळी ओढली. राखाडी, मळकट, जड. कड्यांवर ठसा. सोबत दोन शॅकल ठेवले: नालेसारखी वाकलेली कडी, तोंडाशी आडवा पेचाचा खिळा, पोटावर वजनाचा आकडा.

"तुमची खोली अठराशे किलोची. हे दोन टन झेलते, लिवून आहे पाहा. दोन साखळ्या खोलीच्या पुढच्या दांडीखालून फुली मारून जीपले बांधाच्या. हूक निसटला तं दांडी रस्त्यात रुतत नाही, फुलीवर येऊन पडते. झोळीत लेकरू पडते तशी."

"अन् बंगईची?"

"तिच्यावर आकडाच नाही."

भुपेंद्रनं राखाडी साखळी बोटाच्या टोकानं हलवली, मेलेला साप हलवावा तशी. "म्हशीले बांधाची दिसते. फोटोत कशी येईन हे? अन् तुमाले काय समजते जी गाडीतलं? मानसं नाहीत का दुकानात?"

"मीच आहो."

मेघानं त्याच्याकडे एकदा नीट पाहून घेतलं. कडक इस्त्री, खिशाला अडकवलेला काळा चष्मा, अत्तराचा घमघमाट. धान कांडताना बायका अशाच एखाद्या जावयाची पदं जुळवत:

दुरून पाहाव तं धानाची ढोली,
हात घालाव तं कोंड्याची खोली.

ओठांवर आलेलं हसू तिनं गिळलं. तेवढ्यात कॅरव्हॅनच्या खिडकीत तिला एक पदर हलताना दिसला.

"आतमंधी मानूस आहे का?"

"मानूस कुठचा? कुंता आहे. याची बायको." त्यानं दाराशी उभ्या असलेल्या ड्रायव्हरकडे हनुवटी उडवली. "पाहुण्यांसमोर उतरलो का गरम चाय पायजे. थे आतच मांडून ठेवीन."

"चालत्या खोलीत कोनाले बसवत नसतेत, भाऊ. उतारावर हूक निसटला तं..."

"निसटत नाही." तो वळला. "काऊन बे धन्या, कोनती घेऊ?"

धनीराम साठीचा. खांद्यावरचा दुपट्टा सावरत तो आत आला. त्यानं राखाडी साखळी उचलली, तळहातावर तोलली, ठशावरून अंगठा फिरवला. "हे, मालक."

"जड कोनती, थे नाही इचारलं. सुंदर कोनती?"

धनीरामनं राखाडी साखळी जपून खाली ठेवली.

"जलमभर खासर हाकली यानं," भुपेंद्र मेघाला हसत म्हणाला. "जीपीत बसवलं तरी याले बैलच दिसतेत. करा पॅक, थे चमकनारी. अन् बिलावर 'गाडीची साखळी' लिवजा."

मेघानं बिलावर लिहिलं: 'बंगईची साखळी'. अक्षर मोठं काढलं. भुपेंद्रनं न वाचताच कागद घडी करून खिशात घातला.

धनीरामनं उन्हात उकिडवं बसून साखळ्या लावल्या. त्यांच्या टोकांचे अडकवायचे आकडे करंगळीएवढे. मेघा दारात येऊन उभी राहिली. एक आकडा त्याच्या बोटांत तारेसारखा उकलला. त्यानं तो दाबून पुन्हा वळवला. मग दुपट्ट्याला हात पुसून उठला आणि कॅरव्हॅनच्या दाराशी गेला.

"कुंता, उतर."

"काहून जी? दूध ठेवलं ना मी."

"गॅस बंद कर अन् उतर."

कुंताबाई खाली आली, हातात चहाची गाळणी तशीच. नवऱ्याच्या तोंडाकडे पाहून ती पुढे काही विचारायची थांबली. धनीरामनं तिला जीपच्या पुढच्या सीटवर बसवलं, मालकाच्या जागेवर.

"हे काय बे?" भुपेंद्र ओरडला. "मंग मी कुठं बसू?"

धनीराम मागे आला. त्यानं कॅरव्हॅनचं दार पुरतं उघडलं.

"तुमी आत बसा, मालक. साखळी तुमच्या पसंतीची आहे. मी हाकतो."

हायवेवरून एक ट्रक गेला, मग दुसरा. भुपेंद्रचा पाय पायरीपर्यंत गेला नाही. धनीराम दार धरून उभाच होता, मांडवात नवरदेव येताना वाट करून द्यावी तसा, अदबीनं, थोडं वाकून.