शेवटचा काढा

दवाखान्यातून फोन आला तेव्हा ती ओट्याशी उभी होती. नर्सनं नेहमीच्या मऊ आवाजात सांगितलं, याही वेळी गर्भ रुजला नाही. ‘बरं’ म्हणून तिनं फोन ठेवला आणि रडू येईल म्हणून थांबली. रडू आलं नाही. उलट हलकं वाटलं, आणि त्याचीच तिला लाज वाटली.

शेजारी सासूबाईंचा काढा उकळत होता. लग्नाला दोन वर्षं झाल्यावर त्यांनी तो सुरू केला, आता तिची चाळिशी उलटली होती. गावाबाहेरच्या वैदूकडून मुळ्या आणायच्या, ठेचायच्या, पाणी निम्म्यावर येईपर्यंत उकळायच्या. डॉक्टरांना काढा चालत नव्हता, वैदूला सुया. ती दोघांनाही हो म्हणायची. गार पाण्यात उतरायचं नाही, असं वैदूनं बजावलं म्हणून तिनं मुलांना पोहायला शिकवण्याची नोकरी सोडली. दगदग नको, असं डॉक्टर म्हणाले म्हणून दुसरी धरलीच नाही. पोटावर सुईला जागा उरली नव्हती. सुई नवराच द्यायचा. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासणारा त्याचा हात कधी हलत नसे, पण तिच्या तोंडाकडे बघायचं मात्र तो टाळायचा. आज तो जेवायला घरी आला होता. फोन कुणाचा, हे त्यानं विचारलं नाही. तिच्या आवाजावरून त्याला कळलं होतं.

सासूबाईंनी काढा गाळून पेला पुढे केला. तिनं तो घेतला नाही.

“आई, आता बास. मला नाही जमत.”

आता चार शब्द ऐकावे लागणार म्हणून तिनं मन घट्ट केलं. सासूबाईंनी पेला बेसिनमध्ये ओतला. मग पातेलंही रिकामं केलं आणि हात पुसत स्टुलावर बसल्या.

“सुटलीस बाई,” त्या म्हणाल्या. “मी तर आशा केव्हाच सोडली होती. पण काढा बंद केला असता तर तुला वाटलं असतं, सासूनंही हात टेकले. म्हणून उकळत राहिले.”

आणि ती पीत राहिली होती सासूबाईंचं मन राखायला. तसं तिनं सांगितलं तेव्हा दोघींना हसू आलं. मग सासूबाई हळूच म्हणाल्या, “अनाथाश्रमातलं एखादं पोर आणा घरी, असं कितीदा ओठांवर आलं होतं. तुला लागेल म्हणून गिळलं.”

ती बघतच राहिली. तिच्याही मनात तेच होतं. आईंना परक्याचं मूल चालायचं नाही, असं तिनं स्वतःच ठरवून टाकलं होतं. ती लगबगीनं नवऱ्याकडे वळली.

“ऐकलंस ना? उद्याच जाऊन विचारू या.”

त्यानं ताट बाजूला सारलं.

“मी विचारून आलोय. तीन वर्षांपूर्वी,” तो म्हणाला. “तू तेव्हा नवे उपचार उमेदीनं सुरू केले होतेस. तुझं मन कसं मोडायचं म्हणून बोललो नाही. लहान मूल द्यायला आई-बापाच्या वयाची अट असते तिथे. त्या अटीत बसायचं आपलं ते शेवटचं वर्ष होतं.”