टेकचंदची आवड

कार्तिक वद्य पंचमीस, सकाळी नऊच्या सुमारास, भंडारा जिल्ह्यातील सानगडी येथे, तलावाच्या पाळीवर बॉक्सर टेकचंदचा दशक्रियाविधी चालला होता. एकेकाळी त्याला खांद्यावर घेऊन नाचलेले सारे चाहते जमले होते. परंतु बराच वेळ लोटूनही एकही कावळा पिंडाला शिवेना. मृताची कोणती इच्छा अपुरी राहिली असावी, या विचाराने चाहत्यांचे पुढारी भैयाजी व्याकूळ झाले.

खेळ सुटल्यावर टेकचंदला राइस मिलवर रखवालदारी मिळाली होती. चालताना तोल जातो, बोलताना जीभ अडखळते, अर्थात पिऊन येतो, असे ठरवून मालकाने त्याला काढून टाकले, हे साऱ्या गावाला ठाऊक होते. भैयाजींनी मात्र प्रेमापोटी ते व्यसनही क्षम्य मानले होते.

त्यांनी पिशवीतून दारूची बाटली काढली.

"भैयाजी, महाराज बसले आहेत न इथं!" विधी सांगणाऱ्या ब्राह्मणाकडे बोट दाखवत कोणीतरी दटावले.

"बसू दे. त्याच्या आवडीची चीज ठेवल्याबिगर कावळा कायले येईन?" डोळे पुसत त्यांनी बाटली पिंडाशेजारी ठेवली. "घे रे चॅम्पियन, आज तुले कोणी बोलणार नाही."

टेकचंदची पत्नी रुखमा उठली. तिने ती बाटली उचलली आणि भैयाजींच्या हाती परत दिली.



"ह्यायनं जिंदगीत दारूले हात नाही लावला, भाऊजी. डाक्टर म्हणे, डोक्यावर ठोसे खाऊन खाऊन तोल जाऊन राहिला."